धागा तुटला की माग थांबतो

शाळेतल्या मुलामुलींना अभियांत्रिकी, रचना आणि रोबो यांची ओळख कशी व्हावी, यावर मी बोलावं असं आकाशवाणीकडून कळवलं गेलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना हसू आलं. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण मी लगेच होकार कळवला. रोबो हा शब्द जगाला एका नाटककाराने दिला आहे, तेव्हा त्यावर बोलण्याचा थोडा हक्क आम्हा लिहिणाऱ्यांनाही पोहोचतो.

त्या नाटककाराचं नाव कारेल चापेक. चेक भाषेत लिहिणारा. १९२० साली त्याने 'आर. यू. आर.' नावाचं नाटक लिहिलं, पुढच्या वर्षी प्राग शहरात त्याचा प्रयोग झाला. माणसासारखे कामगार तयार करणारा एक कारखाना, अशी कल्पना. या कामगारांना म्हणायचं काय, यावर चापेकचं अडलं होतं. त्याचा भाऊ योसेफ चित्रकार होता, त्याने शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करावी लागणारी मजुरी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. म्हणजे रोबो हा मुळात वेठबिगार. गंमत अशी की त्या नाटकातले रोबो लोखंडी नव्हतेच, हाडामांसासारखे होते. पत्र्याचं अंग आणि दिव्याचे डोळे त्यांना मागाहून मिळाले.

मुलांनो, दिव्याचे डोळे तूर्त बाजूला ठेवा. रोबो ओळखायचा तो तीन गोष्टींवरून. त्याला भोवतालचं काही जाणवतं, जे जाणवलं त्यावरून तो काही ठरवतो आणि ठरवलेलं करतो. जाणणं, ठरवणं, करणं. यातलं 'जाणणं' ज्या भागाकडे असतं त्याला सेन्सर म्हणतात, मराठीत संवेदक. 'करणं' बहुधा मोटरकडे असतं. आणि मधलं 'ठरवणं' हीच खरी गोम आहे.

मी इचलकरंजीचा. आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून गाव खडखडाटातच झोपतं आणि उठतं. अब्बा मागावर होते. तेव्हा हे जाणणं-ठरवणं-करणं मी तुम्हाला मागावरच दाखवतो.

मागावर उभे धागे ताणलेले असतात. त्यांच्यामधून धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवा धागा टाकत जातो. धोट्यातल्या कांडीवरचा धागा मध्येच तुटला किंवा संपला तर काय होईल? धोटा रिकामाच धावत राहील आणि कापडात विरळ पट्टा पडेल. म्हणून साध्या मागाच्या एका अंगाला एक छोटा काटा बसवलेला असतो, जेवणाच्या टेबलावरच्या काट्यासारखा, पण वाकवलेल्या दातांचा. फणी पुढे येते तेव्हा आडवा धागा त्या काट्याला अडतो आणि किंचित ढकलतो. त्या ढकलण्याने काट्याची शेपटी वर उचलली जाते. धागा नसेल तर काट्याला ढकलायला कुणीच नसतं. शेपटी खालीच राहते, मागेपुढे हलणाऱ्या एका हातोडीत अडकते, आणि हातोडी तिला ओढून माग चालवणारा दांडा पाडते. माग थांबतो. यात बॅटरी नाही, संगणक नाही. धागा आहे की नाही हे काट्याने जाणलं, शेपटीने ठरवलं, हातोडीने केलं. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. त्याला फक्त कुणी सांगितलेलं नसतं की बाळा, याला अभियांत्रिकी म्हणतात.

मग हा माग रोबो का नाही? कारण त्याचं ठरवणं लोखंडात कायमचं घडवलेलं आहे. उद्या तुम्हाला वाटलं की धागा तुटल्यावर आधी घंटा वाजावी आणि मग माग थांबावा, तर लोहाराकडे जावं लागेल. ठरवण्याचा भाग वेगळा काढून पुन्हा पुन्हा बदलता आला की यंत्र रोबोच्या दिशेला सरकतं. इथेही मागच पुढे होता. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकारने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा माग केला. पुठ्ठा बदलला की कापडावरची नक्षी बदलते, माग तोच राहतो. साडीचे काठ विणणाऱ्या मागांवर त्या पुठ्ठ्यांच्या माळा आजही लोंबताना दिसतात. हीच भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. तुमचा मोबाइल त्या पुठ्ठ्यांचा दूरचा नातेवाईक आहे.

माणसाची ही हौस त्याहूनही जुनी. दियारबकिर, आज तुर्कस्तानात असलेलं शहर, तिथल्या दरबारात अल् जझरी नावाचा कारागीर होता. १२०६ साली त्याने आपल्या यंत्रांचं पुस्तक पुरं केलं. त्यात एक हत्तीचं घड्याळ आहे. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी, आणि तिच्यात तळाला बारीक भोक असलेलं एक भांडं तरंगतं. अर्ध्या तासात ते भरून बुडतं, बुडताना दोरी ओढतं, वरून एक गोळा सुटतो, माहूत ढोल वाजवतो आणि भांडं पुन्हा वर येऊन तरंगू लागतं. हे बुडणारं भांडं आपल्याला परकं नाही. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर पाहत, चोवीस मिनिटांची एक घटका. पण मला अल् जझरीचं कौतुक आहे ते वेगळ्या कारणाने. कुठला भाग किती लांबीचा, कशाला जोडायचा, हे त्याने चित्रांसकट लिहून ठेवलं, दुसऱ्या कारागिराने वाचून ते बनवावं म्हणून. हुन्नर स्वतःच्या मुठीत ठेवण्याच्या काळात हे मोठं काम होतं.

आता रचनेकडे येऊ. इंग्रजीतला 'डिझाइन' हा शब्द आपण साडीच्या नक्षीला वापरतो, म्हणून मुलांना वाटतं की रचना म्हणजे वस्तू सुंदर करणं. तसं नाही. रचना म्हणजे कुणाची अडचण आहे ते नीट पाहणं आणि उपलब्ध वस्तूंतून तिच्यावर उपाय बसवणं.

एक उदाहरण घेऊ. नळाला पाणी रोज येत नाही अशा गावातलं घर. पाणी येतं रात्री दोन वाजता. घरातली बाई उठून मोटर लावते आणि गच्चीवरची टाकी भरेपर्यंत जागी बसते. डोळा लागला तर टाकी वाहून जाते. नववीतल्या तुम्ही चौघांनी ठरवलं की यावर काही करायचं. पहिलं काम कोणतं? दुकानात जाणं नव्हे. पहिलं काम त्या बाईला विचारणं. ती कदाचित म्हणेल, "पोरांनो, दिवा नको. मी जिथं बसते तिथून तो दिसणार नाही. आवाज करा. पण भोंगा नको, बाळ उठतं." बस्स, तुमच्या रचनेच्या अटी तिने सांगून टाकल्या. हळू आवाज, माजघरात ऐकू येणारा, टाकी भरायच्या थोडा आधी वाजणारा.

आता उपाय. एक जुना आणि स्वस्त. प्लास्टिकच्या उभ्या नळीत बुचाचा तरंगणारा तुकडा, त्याच्यावर छोटा लोहचुंबक. नळीच्या बाहेर वरच्या टोकाला रीड स्विच नावाची वस्तू, म्हणजे काचेच्या बारीक नळीत समोरासमोर ठेवलेल्या दोन पत्र्या. चुंबक जवळ आला की त्या पत्र्या एकमेकींना चिकटतात, बॅटरीचं मंडल पुरं होतं आणि बझर वाजतो. दुसरा उपाय नव्या जमान्याचा. शंभर-दीडशे रुपयांत ध्वनीवर चालणारा सेन्सर मिळतो. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज पाण्याकडे सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळात परत आला ते मोजतो. हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात ३४ सेंटिमीटर. एवढ्या वेळात आवाज जाऊन परत आला, तर पाणी किती खाली आहे? ३४ नव्हे, १७ सेंटिमीटर, कारण वाट दुहेरी आहे. नववीच्या पुस्तकातला प्रतिध्वनीचा धडा आठवतो? परीक्षेत दरी असते आणि टाळी वाजवणारा मुलगा असतो. टाकी कधी नसते.

यातला कुठला उपाय चांगला? मुलांना वाटतं नवा तोच. पण बंद टाकीत दमट हवा असते, सेन्सरच्या तोंडावर पाण्याचे थेंब बसतात आणि तो भलतंच माप सांगू लागतो. बुचाला दम्याचा त्रास नाही. उलट बूच फक्त 'भरली' एवढंच सांगतं, सेन्सर 'किती भरली' ते सांगतो. कुठल्या घराला काय हवं, हे तोलून पाहणं हे इंजिनिअरचं काम.

आणि मग खरी मजा सुरू होते, कारण पहिल्या फटक्यात काहीच चालत नाही. बूच नळीला चिकटून बसतं. झाळ नीट बसलेली नसते, तार हलली की बझर मुका. सगळं जमलं तर पाणी पडताना लाटा उठतात आणि बझर वाज-थांब, वाज-थांब करत राहतो. इथे ठरवण्याचा भाग आला. एकाच मापावर विश्वास ठेवायचा नाही, ओळीने पाच मापं तेच सांगू लागली तरच वाजायचं, असं छोट्या संगणकाला सांगता येतं. पुढे मोटरही आपोआप चालू-बंद करायची असेल, तर दोन वेगळ्या पातळ्या ठेवाव्या लागतात. टाकी चतुर्थांशावर आली की चालू, काठोकाठ आली की बंद. दोन्हींसाठी एकच खूण ठेवली तर मोटर मिनिटाला दहा वेळा चालू-बंद होईल आणि जळेल. (मोटरच्या विजेला मात्र मुलांनी स्वतः हात लावायचा नाही. तिथे जाणता वायरमन हवाच.) प्रत्येक वेळी काय बिघडलं आणि काय बदललं ते वहीत तारीख घालून लिहायचं. माझ्या कवितेच्या वहीतही खोडलेल्या ओळीच जास्त आहेत, पण मला निदान तार झाळावी लागत नाही.

आता थोडं मोठ्यांशी बोलतो. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर असतो. माग दुरुस्त करणारा माणूस. चोवीस मागांच्या गोंगाटात उभा राहून तो सांगतो, त्या तिसऱ्या मागाचा आवाज बदललाय. काय झिजलंय तेही सांगतो. त्याच्या मुलाला शाळेत मात्र 'ढ' म्हणतात. आणि त्या मुलाने बापाच्या कामाची लाज बाळगायला शिकावं, अशीच आपली एकंदर व्यवस्था आहे. हाताने काम करणारा कमी आणि खुर्चीवर बसणारा मोठा, हे आपल्या समाजाच्या हाडात मुरलेलं आहे. यात धर्माधर्मांत फरक नाही. शाळेत कार्यानुभवाचा तास असतो. त्या तासाला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम मागे पडलेला असतो आणि ते तो तास मागून घेतात.

हे उलटं करून पाहिलं ते डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पीएच. डी., मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर. ते सोडून १९८३ साली ते पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावी गेले आणि विज्ञान आश्रम उभा केला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. मूल हाताने काम करताना जे शिकतं ते डोक्यात पक्कं बसतं, आणि खेड्यातल्या शाळेला विज्ञान शिकवायला गाव हीच प्रयोगशाळा आहे. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस लोखंडकाम, बांधकाम, वीज, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य, सगळ्यांत हात घालायचा. शिकवायला गावातलेच कारागीर. मुलांनी केलेली वस्तू कपाटात ठेवायची नाही, ज्याला हवी त्याला द्यायची आणि खर्चाचे पैसे घ्यायचे. पैसे देणारं गिऱ्हाईक समोर आलं की मोजमाप आपोआप अचूक होतं! हा विषय राज्याच्या माध्यमिक मंडळाने मान्य केला आणि अनेक शाळांत पोहोचला. जुन्या जीपचे भाग वापरून पाबळमध्ये छोटा ट्रॅक्टर तयार झाला. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेची 'फॅब लॅब', म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापण्या-घडवण्याच्या यंत्रांची कार्यशाळा, त्या संस्थेबाहेर सर्वांत आधी निघालेल्यांत पाबळची होती. २००३ मध्ये कलबाग गेले. आश्रमाचं काम चालू आहे.

सरकारनेही पाऊल उचललं आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब या नावाने शाळांना कार्यशाळा मिळू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान. देशभर दहा हजारांवर शाळांत त्या आहेत आणि आणखी पन्नास हजार करण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. चांगलंच आहे. पण अशी एक कार्यशाळा मी पाहिली, शाळेचं नाव सांगत नाही. दाराला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. आत थ्रीडी प्रिंटरवरचं प्लास्टिकचं आवरण जसंच्या तसं. "मुलं मोडतील," असं उत्तर मिळालं. मोडू देत की! वर्षातून एकदा प्रदर्शन भरतं, तेव्हा बाजारातून तयार संच येतो, रेघेवरून चालणारी गाडी जुळवली जाते, आणि मुलगी पाठ केलेलं भाषण पाहुण्यांना म्हणून दाखवते. तिला विचारा, रेघ काळी आहे हे गाडीला कसं कळतं? उत्तर साधं आहे, काळा रंग उजेड गिळतो आणि पांढरा परतवतो. पण तिला ते कुणी करून पाहू दिलेलं नसतं.

स्पर्धांनाही माझा विरोध नाही. अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ साली शाळकरी मुलांसाठी 'फर्स्ट' नावाची संस्था काढली. १९९२ मध्ये पहिली स्पर्धा झाली, त्यात २८ संघ होते. एमआयटीतले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तिला वळण दिलं. त्यांच्या मोठ्या मुलांच्या स्पर्धेत दर वर्षी खेळ नवा असतो आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत तीन-तीन संघांची जोडणी बदलत राहते. म्हणजे सकाळी जो प्रतिस्पर्धी, तो दुपारी आपल्या बाजूने. त्याचा स्क्रू ढिला असेल तर तुम्ही आपणहून पाना देता. ही युक्ती मला फार आवडली.

या संस्थेच्याच परिवारातली एक जागतिक स्पर्धा २०१७ साली वॉशिंग्टनला झाली. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातून शाळकरी मुलींचा संघ निघाला होता. अमेरिकेने त्यांना दोनदा व्हिसा नाकारला, जगभर बोभाटा झाला तेव्हा अखेर परवानगी मिळाली. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि व्हेंटिलेटर मिळेनात, तेव्हा या संघातल्या मुलींनी कमी खर्चाच्या व्हेंटिलेटरचा नमुना तयार केला. त्याला मोटर लावली टोयोटा कोरोला या जुन्या गाडीची आणि साखळी मोटरसायकलची. हेरातच्या बाजारात जे मिळतं ते घेतलं.

ही टोयोटा कुठून आली, तेही ऐका. जपानमध्ये एका सुताराचा मुलगा होता, साकिची तोयोदा. त्याने आयुष्यभर माग सुधारले. धागा तुटला की आपोआप थांबणारा, धावता धावता धोटा बदलणारा त्याचा माग १९२४ साली तयार झाला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याच्या हक्कांसाठी एक लाख पौंडांचा करार केला. त्याच्या मुलाने, किइचिरोने, मागाच्या कारखान्यातच मोटारी बनवायला घेतल्या. कोरोला ही त्याच घरातली गाडी. ज्या मुलींनी तिची मोटर काढून श्वास देणारं यंत्र बनवलं, त्यांच्यापैकी काही ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आल्यावर देशाबाहेर पडल्या, कतारला, मेक्सिकोला. मागे राहिलेल्या मुलींना तिथे सहावीनंतर शाळा बंद आहे. आपल्याकडे शाळा उघडी आहे आणि कार्यशाळेची किल्ली टेबलात आहे.

मुलांनो, आता तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. घरात बंद पडलेलं सेलवरचं घड्याळ असेल, किंवा लहान भावाची मोडकी खेळण्यातली गाडी. आधी सेल काढा. पांढऱ्या कापडावर ठेवून उघडा. निघालेले स्क्रू वाटीत टाकू नका, ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर चिकटपट्टीने चिकटवा आणि बाजूला लिहा. आतल्या दातेरी चाकांचे दात मोजा. मोठ्या चाकाला ६० आणि छोट्याला १० असतील, तर मोठं एकदा फिरताना छोटं किती वेळा फिरेल ते आधी सांगा, मग फिरवून पाहा. चित्र काढा. पुन्हा जोडा. एखादा स्क्रू उरेल, सगळ्यांचाच उरतो. अडलं तर सायकलवाल्याला विचारा, घड्याळजीला विचारा, आमच्या गावात असाल तर जॉबरचाचांना विचारा. भिंतीतल्या विजेवर चालणारं काहीही उघडायचं नाही. टीव्ही आणि मायक्रोवेव्ह तर बंद असतानासुद्धा नाही, त्यांच्या पोटात वीज साठून राहते. मोबाइलची बॅटरीही नाही. आणि ज्याची वस्तू आहे त्याला उघडण्याआधी विचारा.